‘एल क्लब’ची पार्श्वभूमी : बदली नावाची शिक्षा

खान्देशात ‘त्याला धडगावला टाकलं’ म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. साहेबाने काहीतरी केलेलं असतं, चौकशी कुणालाच नको असते, म्हणून सातपुड्यात बदली. तिथल्या लोकांनी कुणाचं काय बिघडवलेलं असतं? पाब्लो लारायिन यांचा ‘एल क्लब’ (२०१५) हा चिलीचा चित्रपट बघताना हेच डोक्यात घोळत राहिलं.

समुद्रकाठच्या ला बोका गावात एक घर. चर्चने बाजूला काढलेले चार धर्मगुरू आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी एक नन. एकाने आयांकडून बाळं काढून दत्तक दिलेली, एक लष्कराचा पाद्री हुकूमशाहीत पाहिलेलं पोटात ठेवून बसलेला. प्रायश्चित्तासाठी आलेली ही माणसं शर्यतीचा कुत्रा पाळतात. गर्दीत जायला मनाई, म्हणून लांबून दुर्बिणीने शर्यत बघतात. मग पाचवा येतो आणि त्याच्यामागे सान्दोकान. लहानपणी त्या पाचव्याने आपल्यावर कसे लैंगिक अत्याचार केले, ते हा माणूस घराबाहेर उभा राहून ओरडून, एकही तपशील न गाळता सांगतो. ते ऐकवत नाही, पण ऐकलंच पाहिजे.

अशी घरं काल्पनिक नाहीत. १९४७ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या जेमेझ स्प्रिंग्ज इथे फादर जेराल्ड फिट्झगेराल्ड यांनी वाट चुकलेल्या धर्मगुरूंसाठी संस्था काढली. मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना पुन्हा सेवेत घेऊ नका, असं त्यांनीच १९५०च्या दशकात बिशपांना कळवलं होतं. अशांना एखाद्या बेटावर ठेवावं, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता. तरीही कित्येकांना नवी गावं, नवी मुलं मिळत राहिली. जानेवारी २००२ मध्ये ‘बोस्टन ग्लोब’ने जॉन गेगन या धर्मगुरूचं प्रकरण छापलं. आरोप करणारे १३०हून जास्त, आणि वरचे त्याला एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवत राहिलेले. बोस्टनच्या चर्चचे प्रमुख कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना डिसेंबरात राजीनामा द्यावा लागला. २००४ मध्ये त्यांना रोममधल्या एका बॅसिलिकाची, म्हणजे मानाच्या मोठ्या चर्चची जबाबदारी मिळाली. ही बदली मला सगळ्यात जास्त झोंबते.

चिलीत २०१० मध्ये फर्नांदो कारादिमा या वजनदार धर्मगुरूविरुद्ध अत्याचाराचे पीडित उघडपणे बोलले. २०११ मध्ये व्हॅटिकनने त्यांना दोषी धरून प्रार्थना-प्रायश्चित्ताची शिक्षा दिली. न्यायालयात मात्र मुदत उलटल्याने खटला बंद झाला. ‘एल क्लब’ला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ज्युरीचं रौप्य अस्वल हे पारितोषिक मिळालं त्याच सुमारास, कारादिमांच्या वर्तुळातल्या हुआन बारोस यांना चिलीतल्या ओसोर्नो शहराचे बिशप नेमलं गेलं. तिथल्या भाविकांनी विरोध सोडला नाही. मे २०१८ मध्ये चिलीच्या सगळ्या बिशपांनी राजीनामे पुढे केले, सप्टेंबरात कारादिमांचं धर्मगुरूपद काढलं गेलं. २०१९ मध्ये चिलीने मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांची मुदतच रद्द केली.

माझ्या लहानपणी, सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या गावात एक मास्तर एकाएकी येईनासे झाले. ‘बदली झाली’, एवढंच कानावर आलं. एका मुलीची आई ओट्यावर दाणे निवडत होती. आजीने विचारलं तर मान वर न करता म्हणाली, “आते कोणले सांगू?” आज मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा २०१२ चा. ती मुलगी तोवर चाळिशीच्या घरात गेली होती.