बिल्ज पंप (नॅरोबोटवरील)

बोटीच्या तळाशी साचलेले पाणी उपसून बाहेर टाकणारा पंप. तळाच्या ज्या खोलगट भागात हे पाणी गोळा होते त्याला बिल्ज म्हणतात. प्रस्तुत नोंद इंग्लंडमधील कालव्यांवर चालणाऱ्या नॅरोबोट या अरुंद बोटींपुरती आहे. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने अठराव्या शतकात बांधलेल्या कालव्यांवरील जलपाशांची (बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेण्यासाठी पाणी भरता-सोडता येणाऱ्या दारबंद कोठ्यांची) रुंदी साधारण ७ फूट ठेवली गेली. त्यामुळे बोटीही तेवढ्याच, म्हणजे सुमारे २·१ मी. रुंद आणि जास्तीत जास्त २२ मी. लांब झाल्या. तळ सपाट आणि उथळ असल्याने आत आलेले थोडेसे पाणीही लांबवर पसरते आणि सहज नजरेस पडत नाही. या बोटींवर पंपाला महत्त्व येते ते मुख्यतः याच कारणाने.

जुन्या लाकडी मालवाहू बोटींच्या बाजू ओकच्या आणि तळ एल्मच्या फळ्यांचा असे. तळाच्या फळ्या आडव्या, म्हणजे या बाजूपासून त्या बाजूपर्यंत टाकलेल्या असत. एल्मचे लाकूड कायम पाण्यात राहिले तर दीर्घकाळ टिकते, पण वारंवार सुकले आणि भिजले की लवकर कुजते. फळ्यांमधल्या फटींत जुन्या दोरखंडांचे पिंजलेले तंतू ठोकून भरत आणि वरून डांबर ओतत. डांबर, घोड्याची लीद आणि गुरांचे केस एकत्र तापवून केलेला लेपही बाहेरून देत असत. एवढे करूनही लाकडी बोट थोडी गळायचीच. दुरुस्तीसाठी बरेच दिवस कोरड्यावर राहिलेली बोट पाण्यात सोडली, की फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत पहिले काही दिवस सतत उपसा करावा लागे. म्हणून त्या काळी पंप हे संकटातले साधन नव्हते, ते रोजच्या कामाचे साधन होते.

हा हातपंप म्हणजे पत्र्याचे लांब नळकांडे. आत दांड्याच्या टोकाला चामड्याचा वॉशर आणि झडप असलेला दट्ट्या, वर पाणी पडायला तोटी. दांडा वर ओढला की तळातले पाणी वर चढे आणि तोटीतून थेट कालव्यात पडे. चामडे सुकून आकसले तर पंप नुसती हवा ओढतो. अशा वेळी वरून तांब्याभर पाणी ओतून वॉशर भिजवला, की तो पुन्हा पाणी धरतो. बोटीचा मागचा भाग बहुधा पाण्यात किंचित खोल बसत असल्याने पाणी वाहत वाहत केबिनच्या किंवा इंजिनखोलीच्या भिंतीशी येऊन थांबे, आणि पंप तिथेच लावत. माल तळावर न ठेवता सुट्या फळ्यांवर ठेवत, म्हणजे खालून पाण्याला वाट मिळे. एका बोटीत सुमारे २५ टन कोळसा भरला जाई, आणि त्याची भुकटी फळ्यांखाली उतरून पंपाचे तोंड बुजवी. साखर किंवा गहू भरलेला असेल तर उपसा चुकवून चालत नसे, कारण पाणी फळ्यांपर्यंत चढले की मालाचे नुकसान होई. इंजिनाची बोट मागे एक बिनइंजिनाची ‘बटी’ ओढत असे. बटीवर यांत्रिक शक्ती नसल्याने तिचा सगळा उपसा हातानेच होई. हे काम बहुधा बोटीवर राहणाऱ्या कुटुंबातले लोक करत, आणि मालवाहतुकीच्या वर्णनांत या कष्टाला फारशी जागा मिळालेली नाही.

इंजिन आल्यावर पाणी शिरण्याची एक नवी जागा तयार झाली. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा बोटीबाहेर जातो तिथे एक पेटी असते. तिच्यात ग्रीस लावलेली दोरीसारखी भरण दाबून बसवतात. ही भरण फार आवळली तर दांडा तापतो आणि झिजतो, म्हणून थोडे पाणी ठिबकू देणेच योग्य ठरते. दिवसाचा प्रवास संपला की ग्रीसच्या डबीचा स्क्रू एखादा फेरा फिरवून ठिबक बंद करण्याची रीत आहे. पंख्यात अडकलेले गवत, दोर किंवा प्लॅस्टिक काढण्यासाठी त्याच्या नेमक्या वर एक झाकणबंद चौकोनी तोंड ठेवलेले असते. हे झाकण नीट न आवळता इंजिन सुरू केले, तर पंख्याने उसळलेले पाणी थेट इंजिनखोलीत भरते. बोटी बुडण्याच्या नेहमीच्या कारणांत हे एक आहे.

आजच्या पोलादी बोटींत १२ व्होल्टचा, पाण्यात बुडून चालणारा विजेचा पंप असतो. पाणी वाढले की तरंगता स्विच उचलला जातो आणि पंप आपोआप चालू होतो. पंपावर लिहिलेला आकडा मात्र जसाच्या तसा धरू नये. तो पाणी वर उचलावे न लागता मिळणारा प्रवाह असतो. नळीची उंची, वळणे आणि उतरलेली बॅटरी यांमुळे प्रत्यक्ष उपसा बराच कमी भरतो. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंमी.वर २५ मिमी. व्यासाचे एकच भोक पडले, तर तासाला अंदाजे २,५०० लिटर पाणी आत येते. तासाला १,९०० लिटरचा लहान पंप नवा असला तरी त्याला पुरा पडणार नाही. अशा वेळी पंप फक्त किनारा गाठण्यापुरता अवधी मिळवून देतो. जलपाशात पाणी उतरताना बोटीचा मागचा भाग वरच्या दाराच्या पायाशी असलेल्या दगडी उंबऱ्यावर अडकून बोट तिरकी झाली, तर तेवढाही अवधी मिळत नाही. तिथे पाणी सोडणारी दारे तातडीने बंद करणे हाच उपाय.

आपोआप चालणाऱ्या पंपाचा खरा धोका वेगळा आहे. तो गळती लपवतो. बोट महिनाभर रिकामी उभी असते, थेंब थेंब पाणी येत राहते, पंप ते इमानाने उपसत राहतो आणि बॅटरी उतरत जाते. ज्या दिवशी ती संपते त्या दिवसापासून पाणी चढू लागते. स्विचमध्ये केस, ग्रीस किंवा चिंधी अडकली तरी हेच होते. पंप किती वेळा चालला हे दाखवणारा मोजणीयंत्राचा काटा बसवणे म्हणूनच शहाणपणाचे, आणि विजेवर न चालणारा एक पडद्याचा (आतला लवचीक पडदा मागेपुढे हलवून पाणी ओढणारा) हातपंप जवळ असावाच. बाहेर पडणारे तोंड पाण्याच्या पातळीच्या बरेच वर हवे. बोट कलून ते पाण्याखाली गेले, तर त्याच नळीतून कालवा उलटा आत येऊ शकतो. नळीला उंच वळण देणे हा त्यावरचा भरवशाचा उपाय. केवळ एकतर्फी झडपेवर विसंबू नये, कारण कचऱ्याने ती अर्धवट उघडी राहते.

इंजिनाखालच्या पाण्यात तेल आणि डिझेल मिसळलेले असते. ते कालव्यात टाकणे गुन्हा आहे. म्हणून इंजिनाखाली तेल अडवणारा वेगळा कप्पा किंवा तबक ठेवतात. तिथले पाणी उपसण्यापूर्वी तेल शोषकाने टिपून घेतात. केबिनच्या लाकडी फरशीखालचा भाग वेगळा. तिथे पावसाचे, गळक्या नळाचे किंवा भिंतींवर जमलेल्या दवाचे पाणी येते. ते दिसावे म्हणून मागच्या कोपऱ्यात उघडता येणारी एक फळी ठेवतात. ही फळी महिन्यातून एकदा उघडून पाहणाऱ्याला तळ आतून गंजण्याचा धोका वेळीच कळतो. तळाचा पत्रा बहुधा १० मिमी. जाड असला, तरी वजनासाठी त्यावर ठेवलेल्या विटा-फरशांखाली ओल वर्षानुवर्षे टिकून राहते.

लोखंडी बाजू आणि एल्मचा तळ असलेल्या फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन कंपनीच्या काही जुन्या बोटी अजून पाण्यावर आहेत. त्यांपैकी बऱ्याच बोटींचे लाकडी तळ काढून तिथे पोलादी पत्रे जोडले गेले आहेत. तळ लाकडीच ठेवणाऱ्या मालकांना मात्र आजही उपशाचे काम रोज पाहावे लागते.