स्वस्त वेग आणि पहिले साठ फूट

1987 ची फोर्ड मस्टँग घ्या, आठ सिलिंडरची, बाजूला 5.0 चा बिल्ला असलेली. (इंजिन खरं तर 4.9 लिटरचं, पण बिल्ल्यावर 5.0 जास्त शोभतं.) कंपनीचा आकडा 225 अश्वशक्ती, चालकासकट वजन 3,300 पौंडांच्या आसपास. वजनाला अश्वशक्तीने भागायचं, घनमूळ काढायचं आणि 5.825 ने गुणायचं, हे ड्रॅगवाल्यांचं, म्हणजे सरळ रस्त्यावर पाव मैल गाडी पळवणाऱ्यांचं, जुनं सूत्र. त्याने पाव मैलाला साधारण 14.3 सेकंद येतात आणि वेगाच्या जोडसूत्राने शेवटचा वेग ताशी 95 मैलांच्या थोडा वर. आता अशा गाडीच्या टाइम स्लिपवर (फेरीनंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर) वेग 95 च दिसला, पण वेळ 14.9 दिसली, तर इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही. ताकद आहे, ती सुरुवातीलाच टायरखाली सांडली. स्लिपवरचा 60 फुटांचा आकडा, म्हणजे पहिले साठ फूट कापायला लागलेली वेळ, बघितला की कळतं घोडं कुठे पेंड खातंय ते. तिथे वाचवलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटच्या रेषेपर्यंत दीडपट ते दुप्पट होऊन हाती येतो.

परवडणाऱ्या मॉडिफिकेशनचा सगळा इतिहास या एका आकड्याभोवती फिरतो, असं माझं मत. बाजार मात्र कायम बॉनेटखालच्या वस्तूंचा जोरात चालला.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर 1930 च्या दशकात जुन्या फोर्ड गाड्या पळवल्या जात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही मंडळी विमानतळांच्या धावपट्ट्यांवर आली आणि 1950 मध्ये सांता आनाच्या धावपट्टीवर तिकीट लावून नियमित ड्रॅग सुरू झाले. त्या काळी स्वस्त मॉडिफिकेशन म्हणजे काढून टाकणं. मडगार्ड काढा, मागची सीट काढा, जे पळायला मदत करत नाही ते घरी ठेवा. 100 पौंड, म्हणजे साधारण 45 किलो, कमी केले की सेकंदाचा दहावा भाग वाचतो हा ठोकताळा आजही तितकाच खरा आहे. नक्षी नसलेले स्लिक टायर पुढे 1950 च्या दशकात रुळले.

1963 मध्ये शर्यत सुरू करणारा झेंडेवाला जाऊन इशाऱ्याच्या दिव्यांचं ख्रिसमस ट्री आलं आणि एक फुकटची युक्ती सोबत घेऊन आलं. पुढचं चाक स्टेजच्या, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरच्या, प्रकाशकिरणात जेमतेम शिरेल इतकीच गाडी पुढे घ्यायची. चाक किरणातून बाहेर पडेपर्यंत साधारण फूटभर अंतर जातं, आणि घड्याळ त्यानंतर चालू होतं. तेवढी धाव पदरात पडते. प्रतिक्रियेची वेळ त्याने थोडी बिघडते, पण नुसती वेळ काढायला आलेल्याला त्याचं काय!

1964 नंतरच्या मसल कारांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून इथे एवढंच: त्या गाड्यांची इंजिनं मोठी आणि कारखान्यातून येणारे टायर अरुंद होते. 1971 मध्ये कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण) उतरलं, 1972 पासून अश्वशक्ती पंखा, अल्टरनेटर, एक्झॉस्ट सगळं जोडून मोजायला लागले, त्यामुळे कागदावर इंजिनं एका वर्षात रोडावली. 1973 चं तेलसंकट आणि 1975 चे धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांनी उरलीसुरली हौस मोडली.

मला जो काळ नीट ठाऊक आहे तो यानंतरचा. 1986 मध्ये 5.0 मस्टँगवरून कार्ब्युरेटर गेला आणि इंधन संगणकाच्या ताब्यात गेलं. आता घरी हात लावायची सोय उरली नाही, असा तेव्हा बहुतेकांचा सूर होता. घडलं उलटंच. 1988 मध्ये कॅलिफोर्नियात आणि 1989 पासून सगळीकडे या इंजिनावर आत येणारी हवा थेट मोजणारा मीटर आला. त्याआधीचा संगणक मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबावरून हवेचा अंदाज बांधायचा, आणि कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) बदलला की त्याचा अंदाज चुकायचा. मीटर आल्यावर तुम्ही कॅम बदला, सिलिंडर हेड बदला, संगणक मुकाट्याने जुळवून घेऊ लागला. स्वस्त वेगाचा तो सुवर्णकाळ होता असं मी म्हणेन, आणि त्यात माझा पक्षपात आहे हेही मान्य करीन.

त्या गाडीवरची शनिवारची कामं ठरलेली. डिस्ट्रिब्युटरजवळचा (तो सिलिंडरांना ठिणगी वाटतो) छोटा प्लग काढायचा, म्हणजे संगणक मध्ये लुडबुड करत नाही. मग टायमिंग लाइट पुलीवर धरून डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा. ठिणगीच्या वेळेचे कारखान्याचे 10 अंश 13-14 वर न्यायचे, प्लग परत लावायचा, टाकीत जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरायचं. खर्च शून्य. उजव्या मडगार्डच्या आत हवेचा आवाज दाबणारा प्लॅस्टिकचा डबा असे, तो उपटायचा. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात इनटेक मॅनिफोल्डवर बर्फाची पिशवी ठेवायची.

पैसे खर्च करण्यासारखी पहिली गोष्ट मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचे गिअर. 2.73 गुणोत्तराचे काढून 3.73 चे घातले की चाकावरचा जोर सुमारे 37 टक्के वाढतो, इंजिनाला बोटही न लावता. हमरस्त्यावर इंजिन जास्त फिरतं, पेट्रोल जास्त जातं, कानाला त्रास होतो, ते वेगळं. ऑटोमॅटिक गाडीत हेच काम जास्त स्टॉलचा, म्हणजे इंजिन जास्त फिरल्यावरच जोराने ओढणारा, टॉर्क कन्व्हर्टर करतो.

मग पकड. अखंड मागच्या ॲक्सलच्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचा पीळ उजवं मागचं चाक उचलायला बघतो आणि तेच आधी घसरतं. उपाय म्हणून उजव्या मागच्या स्प्रिंगच्या आत रबरी हवेची पिशवी घालून थोडी फुगवायची. पुढच्या अँटी-रोल बारचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) दुवे सोडायचे, म्हणजे नाक मोकळेपणी उठतं आणि भार मागे जातो. घरी निघण्यापूर्वी ते परत लावायचे, नाहीतर पहिल्याच वळणावर गाडी आठवण करून देते.

आणि टायर. इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘स्ट्रीट टायर’ या शब्दाने जितकी भांडणं लावली तितकी नायट्रस वायूनेही लावली नसतील.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वात वेगवान ‘स्ट्रीट कार’ कोणाची, याच्या स्पर्धा जोरात होत्या. स्लिक घातलेली गाडी रस्त्यावरची म्हणायची का, यावर वाद व्हायचा. आयोजकांनी सोपी वाट धरली: टायरच्या बाजूवर सरकारी वाहतूक खात्याची अक्षरं असली की टायर रस्त्याचा. पण अमेरिकेत ती अक्षरं कुठला सरकारी तपासनीस देत नाही. टायर सुरक्षेच्या मानकात बसतो असं कारखानदार स्वतःच प्रमाणित करतो आणि साच्यात अक्षरं कोरतो. मग स्लिकसारख्याच मऊ रबरावर चार खाचा पाडून, अक्षरं कोरून टायर विकायला आले. त्याच दशकात ड्रॅग रेडियल आला, रेडियल बांधणीचा, पण रबर जवळजवळ स्लिकचं. झिजेच्या श्रेणीत जिथे सर्वसाधारण टायरला तीन आकडी अंक असतो तिथे या जातीतल्या एका प्रसिद्ध टायरवर चक्क 00 छापलेलं होतं. इतका प्रामाणिक छापील शब्द मोटारींच्या धंद्यात विरळाच.

एका बाजूचं म्हणणं, कायद्याने चालतो तर तो रस्त्याचा टायर. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पाऊस आला की जो टायर घालून घरी जाता येत नाही तो कसला रस्त्याचा. दुसऱ्या बाजूच्या बोलण्यात दम होता, पण जिंकली पहिलीच. सामान्य माणसाचा त्यात फायदा झाला, कारण चाकं न बदलता, त्याच टायरवर स्ट्रिपला (ड्रॅगच्या सरळ ट्रॅकला) यायचं, हवा थोडी उतरवायची, पाण्यात बर्नआउट करायचा, म्हणजे टायर जागीच फिरवून तापवायचे, फेरी मारायची आणि हवा भरून परतायचं, हे शक्य झालं. वर सांगितलेल्या 14.9 वाल्या गाडीला बहुतेकदा एवढंच कमी असतं. गंमत अशी की याच जातीच्या टायरवर आता अशा गाड्या धावतात ज्या अष्टमांश मैल 4 सेकंदांच्या आत संपवतात. त्या रस्त्यावर कधी उतरतच नाहीत. शब्द राहिला, अर्थ निघून गेला. 2005 मध्ये सुरू झालेल्या एका आठवडाभराच्या स्पर्धेने शेवटी टायरवरचा मजकूर वाचणं सोडलं. एका स्ट्रिपवरून दुसऱ्या स्ट्रिपपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर न्यायची, पोचली तर स्ट्रीट कार. मला ही व्याख्या सर्वात पटते.

नायट्रस ऑक्साइड दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत वापरून झालं होतं. 1970 च्या दशकाच्या शेवटी ते किटच्या रूपात सामान्यांच्या हाती आलं. वजनाने त्यात 36 टक्के ऑक्सिजन असतो, हवेत 23. तितक्या पैशांत तितकी अश्वशक्ती दुसरं काहीच देत नाही, आणि इंधन कमी पडलं तर तितक्या झटपट पिस्टनही कोणी वितळवत नाही.

1996 पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत निदानाचं एकसारखं सॉकेट सक्तीचं झालं आणि पान्याची जागा संगणकाची मांडणी बदलणाऱ्या हातातल्या ट्यूनरने घेतली. कारखान्यातूनच टर्बो येऊ लागल्यावर बूस्ट (टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब) वाढवणं केबल जोडण्याइतकं सोपं झालं. 2020 ते 2023 या वर्षांत प्रदूषणनियंत्रण निकामी करणाऱ्या ट्यून आणि पाइपांवर अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण यंत्रणेने खास मोहीम चालवली, आणि ‘फक्त ट्रॅकसाठी’ हा शिक्का पळवाट म्हणून चालेनासा झाला. ती कारवाई अनेकांना जाचक वाटली, पण कन्व्हर्टर कापून गाडी रोज रस्त्यावर फिरवणाऱ्यांनीच ती ओढवून घेतली.

सुरक्षेच्या नियमांनीही बजेटच्या रेषा आखल्या. 13.99 किंवा त्याहून वेगवान वेळेला हेल्मेट, 11.49 ला रोल बार (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पोलादी सांगाडा). म्हणून स्वस्तातल्या कित्येक गाड्या मुद्दाम 11.50 वर अडून असत. कारखान्यातून आलेल्या 2008 पासूनच्या गाड्यांना पुढे 10.00 पर्यंत मोकळीक मिळाली, कारण नव्या गाड्या शोरूममधूनच 11 च्या आत यायला लागल्या होत्या.

विजेवरच्या गाडीत फिरवायला डिस्ट्रिब्युटर नाही, काढायला डबा नाही, संगणकाला कुलूप आहे. तिचे मालक स्ट्रिपवर येतात ते मऊ टायर घालून, मागची सीट घरी ठेवून.