ऐंशी रकाने, चोवीस ओळी: लिनक्स टर्मिनलमागचा इतिहास

ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सची फेडोरा ४१ ही आवृत्ती आली, तेव्हा तिच्या नोम डेस्कटॉपवरचे नेहमीचे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, बदलून तिथे प्टिक्सिस हे नवे टर्मिनल बसवलेले होते. वर्षभराने उबंटू २५.१० या दुसऱ्या लिनक्सनेही तेच केले. रंगसंगती, टॅब, कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवायच्या बंदिस्त जागेत) थेट शिरण्याची सोय हे फरक लगेच दिसतात. पण खिडकीत अक्षरे काढणारे इंजिन अजूनही व्हीटीईच आहे, आणि ते इंजिन ज्याची नक्कल करते ते यंत्र १९७८ चे आहे.

लिनक्सचा पूर्वज युनिक्स घडले तेव्हा संगणकाशी बोलायचे साधन म्हणजे टेलिटाइप. कळ दाबली की कागदावर ठोका. म्हणून आजही लिनक्समध्ये टर्मिनलच्या उपकरणाचे नाव टीटीवायच आहे. पुढे कागदाच्या जागी पडदा आला. १९७८ चे ते यंत्र म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे व्हीटी-१००, आणि त्याचा पडदा सहसा ऐंशी रकाने आणि चोवीस ओळींचा असे. कर्सर हलवा, ओळ पुसा, ठळक करा अशा आज्ञा तो एस्केप या न दिसणाऱ्या नियंत्रणाक्षराने सुरू होणाऱ्या अक्षरमालिकांमधून घेई. मजकूर आणि आज्ञा एकाच वाटेने येत, आणि आजही तशाच येतात. चुकून एखादी बायनरी (मजकूर नसलेली) फाइल कॅट या आज्ञेने पडद्यावर ओतली की कधी कधी प्रॉम्प्टची, म्हणजे आज्ञेची वाट पाहणाऱ्या ओळीची, अक्षरे रेघारेघांची होतात. त्या फाइलमधल्या काही बाइट्सचा व्हीटी-१०० च्या भाषेत अर्थ ‘आता रेखाचिन्हांचा संच वापर’ असा निघतो आणि टर्मिनल तो इमानाने पाळते. मग आंधळेपणाने रिसेट टाइप करून एंटर दाबावे लागते.

या यंत्राची खिडकीतली नक्कल म्हणजे एक्सटर्म. १९८४ च्या उन्हाळ्यात मार्क वँडेवूर्ड यांनी ती लिहायला घेतली, तेव्हा युनिक्सवर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो प्रणाली जेमतेम जन्माला येत होती. १९९६ पासून थॉमस डिकी ती सांभाळत आहेत. नवे टर्मिनल लिहिणारा कुणीही शंका आली की ‘इथे एक्सटर्म काय करते?’ हेच आधी पाहतो, इतका त्या कामाचा दरारा आहे. टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या शेल या प्रोग्रॅमला मात्र समोर खरे यंत्र आहे की नक्कल, हे कळत नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या हाती स्यूडो टर्मिनल या नकली उपकरणाचे एक टोक देतो, दुसरे टोक खिडकीकडे असते.

नोमच्या सुरुवातीच्या टर्मिनलमध्ये झेडव्हीटी नावाचा घटक होता. नोम २ च्या सुमारास रेड हॅटचे नलिन दह्याभाई यांनी व्हीटीई लिहिले, आणि ते एका अॅपपुरते न ठेवता इतर अॅपनाही वापरता येईल अशी लायब्ररी म्हणून लिहिले. माझ्या मते पुढचे सगळे या एका निर्णयाने ठरले. एक्सएफसीईचे टर्मिनल, टर्मिनेटर, टिलिक्स, ग्वाके हे सारे व्हीटीईवर उभे राहिले. तिथे दुरुस्ती झाली की सगळ्यांना लाभ, आणि चूक झाली की सगळ्यांना ताप. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या कॉन्सोल टर्मिनलने आपली वाट वेगळी ठेवली.

तापाचे उदाहरण २०१२ चे. मागे सरकलेला मजकूर व्हीटीई तात्पुरत्या फाइलमध्ये टाकत असे, म्हणजे पडद्यावर दिसलेली गुपिते डिस्कवर उतरत होती. हे उघड झाल्यावर बराच गदारोळ झाला आणि पुढे तो मजकूर कूटबद्ध करूनच लिहिला जाऊ लागला. नंतर नोम टर्मिनलमधून पारदर्शक पार्श्वभूमी काढून टाकली गेली, तेव्हा फेडोरा आणि उबंटूने कोडला स्वतःचे पॅच (जोडबदल) लावून ती परत आणली.

खिडकी अरुंद केली की ओळी नव्याने मोडाव्यात, ही सोय व्हीटीईत २०१४ च्या नोम ३.१२ बरोबर पोचली. एगमोंट कोब्लिंगर यांचे हे काम मला फार मोलाचे वाटते. ऐकायला सोपे, करायला अतिशय किचकट. ओळ खरोखर संपली होती की कड आली म्हणून मोडली, हे टर्मिनलला प्रत्येक ओळीसाठी लक्षात ठेवावे लागते. त्यातच खिडकीचा आकार बदलला की कर्नल शेलला सिग्नल पाठवतो आणि शेलही आपल्या हिशोबाने प्रॉम्प्ट पुन्हा काढायला धावतो. दोघांनी एकाच ओळीला हात घातला की प्रॉम्प्टचे तुकडे पडद्यावर उरतात. संपादकासारखे पूर्ण पडदा व्यापणारे प्रोग्रॅम ज्या पर्यायी पडद्यावर चालतात, तो मात्र मुद्दाम तसाच सोडलेला आहे. तिथे प्रोग्रॅम स्वतःच सगळे पुन्हा काढतो.

२०१७ च्या सुमारास अलॅक्रिटी आणि कोविद गोयल यांचे किटी ही टर्मिनले आली. दोन्ही ग्राफिक्स कार्डाकडून अक्षरे काढून घेतात. त्यांच्यापुढे व्हीटीई मंद दिसू लागले. त्याचा पडदा सेकंदाला साधारण चाळीस वेळाच ताजा होई. २०२४ च्या नोम ४६ बरोबर ही मर्यादा गेली आणि जीटीके ४ या नोमच्या खिडक्या-बटणे काढणाऱ्या लायब्ररीवरचे त्याचे रेखाटनही नव्याने लिहिले गेले. त्यात मोठा वाटा असलेल्या क्रिश्चन हर्गर्ट यांनीच प्टिक्सिस लिहिले.

एक काम अजून पुरे झालेले नाही, आणि देवनागरीत लिहिणाऱ्याला ते रोज टोचते. व्हीटी-१०० च्या जगात एक अक्षर म्हणजे एक रकाना. प्रोग्रॅम अक्षराची रुंदी जिथून विचारतात त्या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या तक्त्यात क ला एक रकाना, उकाराला शून्य, पण वेलांटीला पुन्हा एक. म्हणून ‘कु’ एका रकान्यात मावते आणि ‘कि’ दोन मागते. साठवताना क आधी आणि वेलांटी नंतर, दिसताना मात्र वेलांटी डावीकडे. टर्मिनल प्रत्येक रकाना सुटा काढत असेल तर वेलांटी क च्या उजवीकडे ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबते आणि ‘क्ष’ चे दोन तुकडे होतात. एकट्या टर्मिनलने हे सुधारून भागत नाही. त्याने ‘कि’ ला एक रकाना दिला आणि शेल दोन मोजत राहिला, तर कर्सर एका जागी दिसतो आणि अक्षर दुसऱ्याच जागी खोडले जाते.

म्हणूनच आता दोन्ही टोकांनी आधी बोलून घ्यायची पद्धत घडते आहे. ‘मोड २०२७’ नावाच्या प्रस्तावात प्रोग्रॅम टर्मिनलला विचारतो की तू जोडाक्षरासारखा अक्षरगट एकसंध धरतोस का. फूट, घोस्टी अशा टर्मिनलांनी तो स्वीकारला आहे. किटीने मजकूर रकान्यांत कसा विभागायचा याचे स्वतःचे नियम मांडले आहेत. हा प्रश्नही एस्केपने सुरू होणाऱ्या अक्षरमालिकेतूनच विचारला जातो, आणि ज्या जुन्या टर्मिनलला तो कळत नाही ते त्याकडे दुर्लक्ष करून पूर्वीसारखेच रकाने मोजत राहते.