पोट लहान झालं, मग गोळ्या का वाढल्या?

वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, हॉस्पिटलचं बिल भरलं, की खर्च संपला, असं बहुतेकांना वाटतं. वर्षभर जीवनसत्त्वांच्या आणि खनिजांच्या गोळ्या नेमानं चालतात. वजन उतरतं, तब्येत झकास दिसते आणि मग एखाद्या महिन्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मेडिकलचं बिल बघून 'आता बास झालं' असं ठरतं. पण या गोळ्या जन्मभराच्या आहेत. त्यामुळे पैसा कुठे घालायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे कळायला हवं.

या ऑपरेशनच्या स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात. बायपासमध्ये जेमतेम 30 मिलिलिटरचं पाऊच उरतं आणि अन्न लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे ड्युओडेनम, चुकवून पुढे जातं. खाणं घटल्यामुळे जीवनसत्त्वं कमी पडतात हे खरंच, पण शोषणाचा घोटाळा त्याहून मोठा. तो बी-12 मध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतो.

मटणातलं किंवा दुधातलं बी-12 प्रथिनाला चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन ते सोडवतात. सुटं झालं की लाळेतून आलेलं हॅप्टोकोरिन नावाचं प्रथिन त्याला धरतं आणि ड्युओडेनमपर्यंत सांभाळून आणतं. तिथं स्वादुपिंडाची विकरं हॅप्टोकोरिनचे तुकडे करतात आणि बी-12 दुसऱ्या एका प्रथिनाच्या, इंट्रिन्सिक फॅक्टरच्या, हवाली होतं. हा फॅक्टरही जठरातूनच आलेला. ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात पोचते, आणि तिथले ग्राही, म्हणजे पेशींवरचे दरवाजे, फक्त जोडीलाच आत घेतात.

हा फॅक्टर असल्याचं 1920 च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या विल्यम कॅसल यांनी दाखवलं. पद्धत ऐकून जेवण जाणार नाही अशी होती: निरोगी माणसानं मांस खायचं, तासाभरानं ते त्याच्या जठरातून बाहेर काढायचं आणि नळीनं रुग्णाच्या पोटात सोडायचं. नुसत्या मांसानं ढिम्म न हलणारे पर्निशियस अ‍ॅनिमियाचे, म्हणजे बी-12 शोषलं न गेल्यानं होणाऱ्या रक्तक्षयाचे, रुग्ण यानं सुधारू लागले.

आता ऑपरेशनकडे या. आम्ल आणि इंट्रिन्सिक फॅक्टर दोन्ही बनवणाऱ्या पॅरायटल पेशी एकच, आणि त्यांचा मोठा हिस्सा एक तर कापला गेला किंवा बायपासमध्ये बाजूला पडला. मग तांबडा-पांढरा कितीही ओरपा, त्यातलं बी-12 सोडवायला आणि पुढे न्यायला पुरेसे हात उरलेले नाहीत. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ऑपरेशननंतर दिलेली अ‍ॅसिडिटीची गोळी यांनी त्यात भरच पडते.

पण आणखी एक वाट आहे. ग्राहींचा रस्ता एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमवर तुंबतो. मात्र मोठा डोस घेतला, तर सुमारे 1 टक्का बी-12 कुणाच्याही मदतीविना आतड्याच्या अस्तरातून झिरपतं. 1000 मायक्रोग्रॅमच्या गोळीतून साधारण 10 आत जातात. गरज रोज दोन-अडीचची. गोळीवरचा आकडा गरजेच्या चारशेपट का, याचं उत्तर हे. आणि 1 मायक्रोग्रॅम बी-12 असलेली साधी मल्टीव्हिटॅमिन इथं निरुपयोगी का, याचंही. म्हणून रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅम तोंडानं, नाही तर महिन्याला 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. जिभेखालचे महागडे स्प्रे गिळायच्या गोळीपेक्षा सरस ठरलेले नाहीत. शाकाहारींना बी-12 साठी म्हणून खपवलं जाणारं स्पिरुलिना तर सरळ टाळा: त्यातलं बहुतांश 'बी-12' माणसाच्या शरीराला वापरताच येत नाही.

शरीरात, मुख्यतः यकृतात, बी-12 चा साठा 2 ते 5 मिलिग्रॅमचा असतो. तो वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून गोळ्या सोडल्यावर 'काही झालं नाही' असं वाटतं. मग तळपायाला मुंग्या येतात. फॉलिक अ‍ॅसिड चालू असेल तर हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि नसा मात्र आतून खराब होत राहतात.

कॅल्शियममध्ये पैशाचा खरा गोंधळ आहे. आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला 1200 ते 1500 मिलिग्रॅम हवं, तेही एका वेळी 500 पेक्षा जास्त नको. स्वस्त असतं ते कार्बोनेट. त्यात 40 टक्के कॅल्शियम असतं, पण विरघळायला आम्ल लागतं, आणि तेच आता कमी. सायट्रेटला आम्ल लागत नाही, पण त्यात कॅल्शियम 21 टक्केच. म्हणजे '1000 मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेट' लिहिलेल्या गोळीत 210 मिलिग्रॅम कॅल्शियम. सगळी गरज गोळ्यांनी भागवायची तर दिवसाला सहा गोळ्या होतात. समजा 15 गोळ्यांची स्ट्रिप 150 रुपयांना आहे. मग महिन्याला 1800 रुपये. दूध-दही पचत असेल तर ग्लासभर दुधातून सुमारे 300 मिलिग्रॅम मिळतं. दिवसभरात थोडं थोडं करून दोन ग्लास पोटात गेले की गोळ्या निम्म्या. सायट्रेट परवडतच नसेल तर डॉक्टरांना विचारून कार्बोनेट, पण जेवणाबरोबरच.

पाकीट उलटून 'एलिमेंटल'चा, म्हणजे निव्वळ कॅल्शियमचा, आकडा वाचा आणि जनऔषधी केंद्रात त्याच क्षाराची गोळी मिळते का ते विचारा. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी क्रमांक असेल तर तो माल कायद्यानं अन्न ठरतो आणि औषधांच्या किमतींवरचं नियंत्रण त्याला लागू होत नाही.

लोह रोज 45 ते 60 मिलिग्रॅम, कॅल्शियमपासून दोन तास लांब, चहाबरोबर कधीच नाही. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, तेवढं पुरतं. कोल्हापुरी गुळाचा अभिमान जरूर बाळगा, पण त्यातलं लोह तुटपुंजं आणि बाकी जवळजवळ सगळी साखर. बायपासवाल्यांना त्या साखरेनं डंपिंग होतं: धडधड, घाम, चक्कर, जुलाब. व्हिटॅमिनच्या गमींमध्ये लोह बहुधा नसतंच.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागले की बायोटिनवर पैसे उधळले जातात. ही गळती मुख्यतः झपाट्यानं वजन उतरल्याची असते आणि बहुतेकांची आपोआप थांबते. उलट जास्त डोसचं बायोटिन थायरॉइडच्या तपासणीचे आकडे बिघडवतं.

विम्याच्या कागदांत 'एक्सक्ल 14' हा कोड शोधा. प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणारी जीवनसत्त्वं आणि खनिजं त्याखाली वगळलेली असतात, मात्र डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या दाव्याचा भाग म्हणून लिहून दिली असतील तर ती त्यातून सुटतात. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर प्रत्येक गोळीचं नाव लिहून घ्या आणि पॉलिसीत ऑपरेशननंतरचे जेवढे दिवस धरलेत तेवढ्या दिवसांची पक्की बिलं ठेवा. त्यापुढचा खर्च खिशातून.

थायमिन म्हणजे बी-1 मात्र पैशापेक्षा घाईचं आहे. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच. ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसत असेल, चालताना तोल जात असेल, तर गोळी पोटात टिकणार नाही, इंजेक्शनच लागतं. जवळच्या दवाखान्यात सलाइन लावताना आपलं ऑपरेशन झालंय हे आपणहून सांगा. थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. क्रम उलटा झाला तर उरलंसुरलं थायमिन ग्लुकोज वापरण्यातच खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.