बोल्ट म्हणजे स्प्रिंगच: जुन्या टू-स्ट्रोकचं हेड आवळताना

"जेवढं टाईट तेवढं चांगलं" हे पुण्यात कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं, आणि जुन्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस बाईकची या समजाने जेवढी वाट लागते तेवढी चिखलाने आणि उड्यांनीही लागत नसेल. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या गाड्या, ॲल्युमिनियमचं क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच), इतकी वर्षं खोलून-भरून दमलेले आटे, त्यात कोणी लांब पाना लावून करकचून आवळलं की आटे गेलेच म्हणून समजा.

मुळात बोल्ट म्हणजे एक अतिशय कडक स्प्रिंग असते. नट फिरवताना आपण बोल्टला ताणत असतो, तो परत आखडायला बघतो आणि त्या ओढीनेच हेड, म्हणजे सिलेंडरचं झाकण, सिलेंडरवर दाबून बसतं. ८ मिमीचा, ६० मिमी लांबीचा स्टड (डोकं नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) नीट आवळला तर साधारण ०.१ मिमी ताणला जातो, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. सगळा खेळ तेवढ्यावर. कमी ताणला तर गॅस्केटमधून (दोन भागांमधल्या सीलमधून) गॅस सुटतो, फार ताणला तर तो पुन्हा मूळ लांबीवर येतच नाही, स्प्रिंग मेली.

आता खरी गंमत. आपल्याला हवा असतो हा ताण, पण टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला 'टक' वाजणारा) मोजतो पिळण्याचा जोर, आणि तो बहुतेक घर्षणातच जातो: ढोबळमानाने निम्मा नटाच्या बुडाशी, ४० टक्के आट्यांमध्ये, ताणायला उरतो फक्त १० टक्के. म्हणून इंजिनियर लोक लिहितात, टॉर्क = के × व्यास × ताण, यातला के म्हणजे घर्षणाचा हिशोब. कोरड्या आट्यांना तो ०.२ च्या आसपास धरतात, तेल लावलं की ०.१५. आता ८ मिमीच्या स्टडला २० न्यूटन-मीटर द्या: कोरडा असेल तर ताण १२,५०० न्यूटन (जवळपास १,२७० किलो), तेलकट असेल तर १६,६०० च्या वर. पाना तोच, 'टक' आवाजही तोच, पण ताण तिसऱ्या हिश्श्याने जास्त! म्हणून मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे आधी बघायचं, आटे ब्रशने साफ करायचे आणि मगच पाना हातात घ्यायचा. जुन्या जपानी मॅन्युअलमध्ये आकडे किलो-मीटरमध्ये असतात, १ किलो-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, तिथे गफलत झाली की संपलंच. ६ मिमीच्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपासच लागतं, त्यासाठी पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअर बाजारातून छोट्या रेंजचा वेगळा पाना घ्या, मोठा पाना त्याच्या खालच्या टोकाला भरवशाचा नसतो.

टू-स्ट्रोकला हे जास्त का भोवतं? कारण यात क्रँककेसही पंपाचं काम करतं. सिलेंडरच्या बुडाचे नट सैल झाले की गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी पडतं), पिस्टन तापतो आणि जाम होतो. लोक मग तेलाला दोष देतात, नाहीतर अमावस्येला इंजिन खोललं म्हणून असं झालं म्हणतात. अमावस्येला लोखंडाचं घर्षण बदलत नाही हो, दिवस कुठलाही असो, नट सैल असेल तर हवा आत जाणारच.

आणि स्प्रिंग वॉशरवर फार भरवसा नको. बोल्टला आडवे हादरे बसले की नट आपोआप सुटत जातो हे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवलं, आणि आवळल्यावर पूर्ण चपटा झालेला वॉशर ते थांबवत नाही. थांबवतो तो पुरेसा ताण. फुटपेग, स्प्रॉकेट वगैरे जास्त हादरणाऱ्या जागी निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारं चिकट द्रव) लावा, ते हवा नसलेल्या जागी धातूला लागून कडक होतं, म्हणून आट्यांवर तेलाचा थेंबही नको.

हेड नेहमी समोरासमोरचे नट धरून, तीन टप्प्यांत आवळायचं, नाहीतर ते वाकडं बसतं. पहिल्यांदा गाडी तापवल्यावर इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मग एकेक नट पाव फेरा सैल करून परत त्याच टॉर्कवर आणा. गरम असताना हात लावू नका, ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम इंजिनावर बरोबर आवळलेला नट गार झाल्यावर कमी ताणावर उरतो.