रुमालाखालचा भाव आणि फोनमधलं कुलूप

एप्रिलमधल्या एका शनिवारी तिन्हीसांजेला गुहागरला आमच्या शेजारच्या काकांच्या अंगणात पुण्याची गाडी येऊन थांबली. चार मोठी माणसं, दोन लहान मुलं, घाटातल्या वळणांनी सगळ्यांचे चेहरे उतरलेले. त्यांनी फोन पुढे केला. त्यात काकांच्याच घराचे फोटो होते, ओटीवरचा झोपाळा, मागची नारळाची बाग, आणि खाली तीन रात्रींच्या बुकिंगची पावती. पैसे आगाऊ भरलेले. काकांनी चष्मा लावून पावती दोनदा वाचली. वेबसाइट त्यांची नव्हतीच. कुणीतरी फोटो उचलून हुबेहूब तशी साइट उभी केली होती आणि पैसे भलत्याच खात्यात गेले होते.

"पण काका, वर कुलूप दिसत होतं हो! मी बघूनच पैसे भरले," त्यांच्यातले एक गृहस्थ कळवळून म्हणाले.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की दुकान खरं, हा समज चांगल्या शिकल्या-सवरल्या माणसांतही घट्ट बसलेला आहे. गूगलने २०२३ साली आपल्या क्रोम ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह काढून टाकलं, ते याच गैरसमजापायी. मग ते कुलूप नेमकं कशाचं? त्याचं उत्तर गणितात आहे, आणि माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी ती एक आहे.

आपल्याकडच्या आंबा बागायतदारांना वाशीच्या बाजारातला रुमाल माहीत आहे. भर बाजारात दलाल आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती पन्नास माणसं उभी असतात, कुणाला काही कळत नाही. हे जमतं, कारण दोन हात एकमेकांना लागलेले असतात. इंटरनेटवर ती सोय नाही. तुमच्या फोनपासून दुकानाच्या संगणकापर्यंत संदेश कित्येक यंत्रांतून जातो आणि वाटेतलं कुणीही तो वाचू शकतं. मग कार्डाचा नंबर पाठवायचा कसा? सांकेतिक भाषेत लिहायचा म्हटलं, तर त्या भाषेची किल्ली आधी समोरच्याला द्यायला हवी. किल्ली पाठवायची तीही त्याच उघड्या वाटेने. इथे शतकानुशतकं गाडं अडलं होतं.

१९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकन संशोधकांनी त्यातून वाट काढली. ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यातल्या माल्कम विल्यमसन यांना तीच युक्ती १९७४ साली सुचली होती, पण खात्याने ती दडवून ठेवली आणि १९९७ पर्यंत जगाला पत्ता लागला नाही. ही युक्ती आपण दाभोळच्या खाडीवर करून बघू.

समजा, मी धोपाव्याच्या धक्क्यावर आहे आणि तुम्ही पलीकडे दाभोळला. आपण ओरडून बोलतोय, फेरीबोटीची वाट पाहणारे सगळे ऐकताहेत. आपल्याला दोघांपुरता एक गुप्त आकडा ठरवायचा आहे. मी ओरडतो, "३ आणि १७ घ्या!" हे सगळ्यांनी ऐकलं, हरकत नाही. आता मी मनात एक आकडा धरतो, ६. तीनचा सहावा घात करतो, म्हणजे ३ हा आकडा सहा वेळा घेऊन गुणाकार: ७२९. त्याला १७ ने भागून बाकी काढतो: १५. ही बाकी मी ओरडून सांगतो. तुम्ही मनात ७ धरलेत. तीनचा सातवा घात २१८७, त्याला १७ ने भागल्यावर बाकी ११. तुम्ही ११ ओरडता.

आता मी तुमच्या ११ चा माझ्या मनातला सहावा घात करतो: १७,७१,५६१. सतराने भागलं की बाकी ८. तुम्ही माझ्या १५ चा तुमच्या मनातला सातवा घात करता: १७,०८,५९,३७५. सतराने भागा. बाकी ८!

कागद घेऊन खरंच करून बघा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आठवर आठ आलेला पाहून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. दोघांनी ८ हा आकडा एकदाही उच्चारलेला नाही, तरी तो दोघांकडे आहे. कारण सरळ आहे: मी सातव्या घाताचा सहावा घात केला, तुम्ही सहाव्याचा सातवा. दोन्ही वाटांनी तीनचा बेचाळिसावा घातच होतो आणि मध्येच बाकी काढल्याने शेवटच्या बाकीत फरक पडत नाही.

धक्क्यावरच्या लोकांनी ३, १७, १५ आणि ११ ऐकलं. त्यांना माझा ६ शोधायचा तर "तीनचा कितवा घात केला की बाकी १५ येते?" हे उलटं कोडं सोडवावं लागेल. सतरासाठी ते सोपं आहे, सोळा वेळा करून बघितलं की झालं. पण १७ च्या जागी ६१७ अंकी मूळ संख्या घेतली की हिशेब पालटतो. सुलट जायला वर्गाचा वर्ग, त्याचा वर्ग, अशा उड्या मारता येतात, त्यामुळे काम क्षणात होतं. उलट यायला तशा उड्या नाहीत. आजच्या संगणकांना झेपेल अशी रीत कुणाला सापडलेली नाही. अशी रीत असूच शकत नाही, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. पुरेसा मोठा क्वांटम संगणक, म्हणजे निराळ्याच तत्त्वावर चालणारा संगणक, झाला तर त्याला हे कोडं सुटेल, हे गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं. म्हणून त्यालाही पुरून उरतील अशी नवी कुलपं बनवणं चालू आहे. हल्ली घातांऐवजी बहुधा एका वक्ररेषेवरचे बिंदू वापरतात, पण तत्त्व हेच. साइट उघडताना तुमचा फोन आणि समोरचा संगणक यांच्यात ही धक्क्यावरची ओरड डोळ्याचं पातं लवायच्या आत होऊन जाते आणि मिळालेल्या आकड्यापासून पुढच्या बोलण्याची किल्ली तयार होते.

आता यातली खोच बघा. पावसाळ्यात खाडीवर दाट धुकं आहे. पलीकडून "११!" असा आवाज आला. तो दाभोळहूनच आला कशावरून? मध्येच एक होडी उभी असेल, तिच्यातला माणूस मला तुमच्या नावाने आणि तुम्हाला माझ्या नावाने उत्तर देत असेल, तर? दोघांशी तो वेगवेगळा गुप्त आकडा ठरवेल आणि सगळं वाचत बसेल. गणित बिनचूक, तरी घात झालाच.

यावर उपाय म्हणून दाखला आला. काही संस्था वेबसाइटांना डिजिटल दाखले देतात आणि अशा मान्य संस्थांची यादी ब्राउझरमध्ये आधीच भरलेली असते. दाखला जुळला की कुलूप दिसतं. पण त्यावर लिहिलेलं काय असतं? सर्वसाधारण दाखल्यात एवढंच, की समोरचा संगणक अमुक पत्त्याच्या वेबसाइटचाच आहे. त्या साइटचा मालक कोण, त्याचं घर गुहागरात आहे का, तो खोली देणार का, यातलं काहीही तपासलेलं नसतं. शिवाय २०१५ च्या अखेरीपासून असे दाखले सर्रास फुकट मिळू लागले. ते चांगलंच झालं, छोट्या दुकानदारालाही कुलूप परवडू लागलं. ठगालाही तेच मिळालं. काकांच्या पाहुण्यांनी भरलेली माहिती वाटेत कुणीही वाचली नाही, ती सुखरूप पोचली, फक्त ठगाकडे.

वाशीच्या रुमालाबद्दल बागायतदारांची तक्रारही अशीच आहे. रुमाल भाव झाकतो, हात धरणारा माणूस सचोटीचा आहे की नाही ते रुमाल सांगत नाही.

११ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेत एकाने कार्डाचा नंबर असा कुलूपबंद पाठवून १२ डॉलर ४८ सेंटला गाण्यांची सीडी घेतली. सुरक्षित ऑनलाइन खरेदीची पहिली घटना म्हणून ती सांगितली जाते. तेव्हापासून वाटेचा प्रश्न जवळपास सुटला. समोरच्या माणसाचा प्रश्न मात्र धंद्याच्या रचनेतून सोडवावा लागतो, आणि तिथे मी एकच गोष्ट बघतो: माल पोचेपर्यंत पैसे कुणाच्या हातात असतात?

आपल्या आजोबांच्या वेळी पोस्टाची व्हीपीपी होती, पार्सल हातात आलं की पोस्टमनला पैसे. फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल मिळाल्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली, ती याच वळणाची. मोठ्या बाजारपेठी साइट स्वतः माल विकत नाहीत, विक्रेते वेगळे असतात. साइट पैसे काही दिवस आपल्याकडे ठेवते आणि दलाली कापून पुढे देते. स्वतःचा माल ठेवून थेट ग्राहकाला विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात परदेशी गुंतवणुकीला आपल्याकडे काही अपवाद सोडता परवानगी नाही, म्हणून परदेशी भांडवलाच्या कंपन्यांनी बाजारपेठेची वाट धरली. "ऑनलाइन आलं आणि दलाल गेला" असं म्हणतात ते मला पटत नाही. दलालाचं काम तसंच आहे, ते करणारा बदलला.

हापूसची पेटी थेट बागेतून मागवता तेव्हा मध्ये कुणीच नसतं. व्हॉट्सॲपवर ऑर्डर, यूपीआयने आगाऊ पैसे, एसटीने पार्सल. यूपीआयने गेलेले पैसे आपल्या मर्जीने मागे ओढता येत नाहीत आणि पिकलेला आंबा परत पाठवता येत नाही. हा व्यवहार निव्वळ ओळखीवर चालतो. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने नावाला कायद्याचा आधार आला. पेटीवर ब्लॉकचेनचा कोड असला की आंबा अस्सल, अशा जाहिरातींना मात्र भुलू नका. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकदम जपलेली नोंदवही. तिच्यात मागाहून कुणी खाडाखोड करणार नाही, इतकंच ती बघते. पहिलीच नोंद खोटी असेल तर ती खोटीच जपून ठेवली जाते.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्री करणाऱ्या साइटवर कंपनीचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव असावं लागतं. ते शोधा. अनोळखी ठिकाणी पैसे भरण्याआधी फोन करा. आणि कुणी "पैसे घेण्यासाठी पिन टाका" म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

त्या संध्याकाळी ओटीवर जमलेल्यांपैकी एकाने देवळात कौल लावायचं सुचवलं. मी हात जोडून म्हटलं, तो उद्या. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि ते गोठवायला पहिले काही तास हाती असतात. काकांनी मुलांना आत नेऊन गरम भात वाढला आणि आम्ही १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक फिरवला. तक्रार लिहून देताना खोट्या साइटचा पत्ता अक्षर-अक्षर वाचावा लागला. गुहागरच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्तीचा होता.