मागच्या सीटखालचा पंप

निफाडहून आलेल्या मामांना परत सोडायला निघालो, तर गाडी सुरूच होईना. सेल्फ झोकात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठणठणीत. पण इंजिन पकडत नव्हतं. मामा म्हणाले, "मार अजून चार सेल्फ, घेईल." मी किल्ली काढून घेतली. डिझेल गाडी अशी अडून बसली की सेल्फ मारत राहायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि थोडक्यात निभावलं असतं ते काम तिथंच महाग होतं. ते का, हे कळायला डिझेलचा प्रवास टाकीपासून पाहायला हवा.

कॉमन रेल पद्धतीच्या बऱ्याच गाड्यांत पंप दोन असतात. एक टाकीतच, डिझेलमध्ये बुडलेला, १२ व्होल्टच्या मोटरवर चालणारा. त्याचं काम हमालाचं: चार-पाच बारच्या दाबाने डिझेल फिल्टरमधून पुढे पोचवायचं. (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब.) दुसरा पंप इंजिनला जोडलेला. तो हेच डिझेल १,६०० बार किंवा त्याहून जास्त दाबाने रेल नावाच्या जाड नळीत कोंबतो, आणि तिथून ते सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरना मिळतं. १,६०० बार म्हणजे नखाएवढ्या जागेवर सुमारे दीड टन भार. पृथ्वीवरच्या सर्वांत खोल जागी, मरियाना गर्तेच्या तळाशी, समुद्राच्या पाण्याचा दाब सुमारे १,१०० बार असतो.

इतका दाब कशासाठी? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यात दाबली जाते आणि तेवढ्यानेच पाचशे अंशांच्या पुढे तापते. सायकलच्या पंपाने हवा भरताना त्याचं टोक गरम लागतं, तोच हा नियम. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की ते आपोआप पेटतं, पण फवारा धुक्यासारखा बारीक हवा आणि त्याला वेळ मिळतो एक-दोन मिलिसेकंदांचा. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला यशस्वी झालं, तेव्हा इंधन फुंकून आत घालायला दाबलेली हवा लागे आणि त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर. बॉश कंपनीचा आटोपशीर इंजेक्शन पंप १९२७ मध्ये कारखान्यातून बाहेर पडू लागला आणि डिझेलला मोटारीत शिरायची वाट मिळाली. आमच्या नाशिकच्या मायको सर्कलला ज्या कंपनीचं नाव आहे, ती मायको म्हणजे याच बॉशची भारतातली कंपनी. इथल्या कारखान्यात डिझेलचे नोजल आणि इंजेक्टर बनत आले आहेत, त्यामुळे 'मायक्रॉन' (मिलिमीटरचा हजारावा भाग) हा शब्द इथल्या कितीतरी घरांत जेवताना कानावर पडलेला असतो.

आणि मायक्रॉन हाच या दुरुस्तीतला कळीचा शब्द आहे. इंजिनला जोडलेल्या मोठ्या पंपाचा दट्ट्या आणि त्याचं घर यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड. बहुतेक मोटारींत त्या फटीत वंगण म्हणून इंजिन ऑइल नसतं, खुद्द डिझेलच असतं. आता टाकीतला छोटा पंप बंद पडला आणि आपण सेल्फ मारत बसलो, तर मोठा पंप कोरडा फिरतो. धातूवर धातू घासतो, चकचकीत कीस निघतो आणि तो रेलमधून इंजेक्टरपर्यंत पसरतो. मग पंप, इंजेक्टर, नळ्या सगळंच बदलायची पाळी येते. म्हणून मी किल्ली काढली.

आधी निदान. किल्ली 'ऑन'वर नेली की मागच्या सीटखालून, म्हणजे टाकीतल्या छोट्या पंपातून, दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ ऐकू यायला हवं. आलं नाही. फ्यूज पाहिला, शाबूत. रिलेची (पंपाला वीज जोडणाऱ्या स्विचची) अदलाबदल केली, फरक नाही. मामांनी किल्ली फिरवली आणि मी मल्टिमीटर लावला: कनेक्टरपर्यंत १२ व्होल्ट येत होते. वीज येते पण मोटर फिरत नाही, म्हणजे मोटर गेली. इथवर न तपासता नवा पंप आणणारे लोक मी पाहिले आहेत. कित्येकदा दोष जळक्या कनेक्टरचा निघतो.

अजून एक चाचणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढलं आणि उजेडात धरलं. तळाशी पाण्याचा बोटभर थर होता. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळी हवेतला दमटपणा पाणी होऊन साचतो, आणि पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने खाली बसतं. मग बाटलीला बाहेरून लोहचुंबक लावून फिरवला. चमचमते कण त्याच्यामागे धावले असते, तर मी पुढे हातही लावला नसता. ते मोठ्या पंपाच्या झिजेचं लक्षण आहे आणि ते काम घरचं नाही. कण नव्हते.

सीट उचलली की खाली गोल झाकण दिसतं, त्यावर वर्षानुवर्षांची धूळ. ती पुसूनच झाकण उघडायचं, कारण टाकीत पडलेली धूळ पुढे त्याच चार मायक्रॉनच्या फटीकडे निघते. बॅटरीची ऋण तार काढली, कनेक्टर काढला, जाणारी आणि परतीची नळी यांवर खुणा केल्या. प्लास्टिकची मोठी रिंग लाकडाच्या ठोकळ्याने हलके ठोकत फिरवली. पंप सरळ ओढायचा नसतो. डिझेलच्या काट्याला जोडलेल्या फ्लोटचा (तरंगत्या तुकड्याचा) दांडा अडकून वाकतो, म्हणून तिरका करून काढावा लागतो. जुनी रबरी रिंग डिझेलने फुगलेली असते, ती पुन्हा बसवू नये. पेट्रोलच्या मानाने हे काम कमी धोक्याचं, कारण डिझेलची वाफ सहज पेटत नाही. पण डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकेल ते तापमान किमान ३५ अंश असावं, एवढीच आपल्या मानकाची अट आहे, आणि मे महिन्यात विदर्भातली गाडी त्याच्या कितीतरी पुढे तापलेली असते. विडी-काडी, ठिणगी लांबच.

नवा पंप बसला, तरी गाडी लगेच सुरू होणार नव्हती. गॅरेजच्या भाषेत गाडीने 'एअर घेतली' होती, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत हवा शिरली होती. इंजेक्शनच्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये पाणी भरा, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा: हलत नाही. आता पाण्याऐवजी हवा ठेवा: दट्ट्या स्प्रिंगसारखा आत-बाहेर होतो. डिझेल १,६०० बारला दहा टक्केही आक्रसत नाही. त्यात बुडबुडा असेल तर पंपाची सारी मेहनत बुडबुडा चेपण्यात जाते. रेलमध्ये साधारण २०० बार तयार झाल्याशिवाय गाडीचा संगणक इंजेक्टर उघडत नाही. सेल्फ फिरतो, धूरसुद्धा निघत नाही.

मामा पाना घेऊन बॉनेटपाशी पोचलेच होते. "इंजेक्टरचा नट ढिला करतो, तू सेल्फ मार, एअर निघून जाईल." त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरवर त्यांनी हे शेकडो वेळा केलेलं. त्या इंजेक्टरचा दाब दोन-अडीचशे बारचा, धोका तिथंही होताच. मी त्यांचा हात धरला. "मामा, या गाडीत तो नट नका सोडू." कातडी भेदून आत शिरायला सात बारची धारसुद्धा पुरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत गेलेलं डिझेल मांस मारत जातं. असं कुणाला झालं तर दुखायची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठावं. उशिराने बोटं, कधी हात गेलेले आहेत. नट ढिला करायची पद्धत चुकीची नव्हती, ती दुसऱ्या दाबाच्या काळातली होती. मामांनी पाना खाली ठेवला.

आमच्या गाडीत हवा छोटा पंपच काढतो. किल्ली ऑन, घूंऽऽ, बंद, पुन्हा ऑन. असं दहा-बारा वेळा केलं. हवा परतीच्या नळीने टाकीत निघून जाते. मग सेल्फ, दहा सेकंदांहून जास्त नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती. तिसऱ्या वेळी इंजिन अडखळलं, न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर सोडला आणि चौथ्या वेळी लागलं. नळ्यांच्या जोडांवर टिश्यू पेपर दाबून पाहिला, कुठे ओल नव्हती.

निफाडहून परतल्यावर मी जुना पंप कापून उघडला. खालची जाळी काळ्या गाळाने भरली होती आणि मोटरचे कार्बन ब्रश झिजून तारेपर्यंत आले होते. हा पंप डिझेलमध्ये बुडून आणि पोटातून डिझेल वाहत ठेवूनच थंड राहतो. गेलं वर्षभर आम्ही काटा तळाशी आल्याशिवाय डिझेल भरत नव्हतो. तो बराच काळ अर्धा उघडा पडून तापत होता. बाटलीतलं पाणीही त्याच रिकाम्या टाकीतलं. आता पाव टाकीच्या खाली काटा जाऊ देत नाही, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा फिल्टरचा स्क्रू सोडून बाटली उजेडात धरतो.